पाहुण्यांची गाडी आणि तिसरी तार

गेल्या डिसेंबरात आमच्या दारात एक घर येऊन उभं राहिलं. चाकांवरचं घर.

झालं असं, की पुण्याच्या आमच्या भाच्यानं आठ दिवसांसाठी एक कॅराव्हॅन भाड्यानं घेतली होती. सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन असते ना, तिची धाकटी बहीण म्हणा. आत दोन पलंग, बेसिन, फ्रीज, लहानसा एसी, गिझर, इतकंच काय पण संडास-बाथरूमसुद्धा. सहस्रकुंड बघायचं, माहूरला रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं आणि मधे दोन रात्री मामाच्या दारात मुक्काम ठोकायचा, असा त्यांचा बेत. "मामा, तुम्ही अंथरुणं-पांघरुणं काढत बसू नका. आम्ही आमच्या घरातच झोपतो. फक्त लाईटचा एक प्लग द्या," असं त्यानं फोनवरच सांगून टाकलं होतं.

आमचं इस्लापूर म्हणजे किनवट तालुक्यातलं गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. धबधब्याच्या एका अंगाला आमचा नांदेड जिल्हा, दुसऱ्या अंगाला यवतमाळ. अलीकडं मराठवाडा, पलीकडं विदर्भ, आणि मधे पाणी. त्यामुळं बाहेरगावच्या गाड्या आम्हाला नव्या नाहीत. पण असली गाडी आमच्या आळीनं पहिल्यांदाच पाहिली. पोरं गोळा झाली, बायका पदर सावरत आत डोकावून गेल्या. "गुरुजी, तुमच्या पाहुण्यांचा बंगला चालत आला म्हणायचा!" असंही एकजण म्हणून गेला.

तर, लाईट. आमच्या ओसरीत कुलरसाठी मोठ्या पिनेचा एक पॉवर प्लग आहे. भाच्यानं गाडीच्या पोटातून निळ्या टोकाची जाडजूड वायर काढली, एक टोक गाडीला लावलं, दुसऱ्या टोकाला आपल्याकडच्या तीन पिनांचा टॉप जोडला, तो माझ्या प्लगात खुपसला आणि बटण दाबलं. गाडीत दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बत्तीस इंची टीव्हीवर नातवंडांनी कार्टून लावलं आणि मामाच्या घरी येऊन मामाशी न बोलता झोपली. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरातल्यांनी नेहमीप्रमाणं अंगणात सडा टाकला. शेणाचा ओला सडा, त्यावर ही अनवाणी. पाहुण्यांना चहा द्यायला गेली, एका हातात कपबशी, दुसऱ्या हातानं गाडीच्या दाराची दांडी धरली, आणि कपबशी खाली.

"अहो, गाडी करंट मारायली हो!"

भाचा आतून आला. पायात रबरी स्लीपर. त्यानं दांडी धरली, सोडली, पुन्हा धरली. "काही नाही मामी, थंडीनं हाताला मुंग्या आल्या असतील." मी गेलो. माझ्याही पायात चप्पल. मलाही काही लागलं नाही. आता दोन शिकलेल्या पुरुषांना जे लागत नाही ते एका बाईला लागतंय म्हटल्यावर निकाल काय लागणार, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण ही काही ऐकेना. "तुमच्या पायात चपला हाएत. काढा अन् मग सांगा," म्हणाली.

काढल्या. ओल्या जमिनीवर उभं राहून बोट टेकवलं, तर कोपरापर्यंत झिणझिण्या.

(हा मूर्खपणा होता. कुणीही असं करून बघू नये. मुंग्या आल्या आणि हात सुटला, हे त्या दिवशीचं नशीब. दरवेळी हात सुटतोच असं नाही.)

तेवढ्यात भाच्याची चार वर्षांची मुलगी दारात आली आणि लोखंडी पायरीवरून अनवाणी खाली उतरू लागली. मी ओरडलो, तिला आत ढकलायला सांगितलं आणि आयुष्यात धावलो नव्हतो तसा ओसरीत धावत जाऊन बटण बंद केलं, प्लग उपसून काढला. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.

गावातला वायरमन माझाच विद्यार्थी. त्याला बोलावलं. तो एक होल्डर, त्यात शंभरचा बल्ब आणि दोन मोकळ्या वायरी एवढंच हत्यार घेऊन आला. ह्याला ते लोक टेस्ट लॅम्प म्हणतात. ओसरीतल्या प्लगच्या खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख लागला. मग एक वायर फेजमधे ठेवून दुसरी वरच्या जाड भोकात घातली. बल्ब मेलेला. त्यानं प्लगची पाटी उघडली. वरच्या भोकामागं तारच नव्हती. नुसती पितळेची नळी. शिवाय समोरून बघितलं तर फेज उजव्या भोकात असायला पाहिजे, तो डावीकडं.

"गुरुजी, घर कधीचं?"

"शहाऐंशीचं."

"मग तवापासून हे भोक नुस्तं शोभेचं हाय."

आता गाडीत करंट आला कुठून? मला वाटलं एखादी वायर सोलली असेल. तसं नव्हतं, गाडीत काही बिघाड नव्हता. वायरमननं समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. बॅटरीचा चार्जर, टीव्ही, एसी ह्यांच्या पोटात असे भाग असतात की त्यांतून अगदी थोडी वीज त्यांच्या पत्र्यावर झिरपत असते. माठ पाझरतो तशी. ही गळती तिसऱ्या तारेनं गुपचूप जमिनीत जावी अशी सोय केलेली असते. तिसरी तार नसली की ती वीज पत्र्यावरच थांबून राहते. इमारतीची भिंत निदान जमिनीत रोवलेली असते. गाडी मात्र रबराच्या टायरवर उभी. जमिनीशी तिचा काही संबंधच नाही. मग त्या विजेला जमिनीत जायला एकच वाट उरते. एक हात गाडीवर आणि पाय जमिनीवर असलेला माणूस.

तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, हे आपण पोरांना शिकवतो. गाडीच्या आतली माणसं त्या चिमणीसारखी. आत झोपतात, बसतात, चहा करतात, त्यांना कळतही नाही. धोका आहे तो चढताना आणि उतरताना, एक पाय आत आणि एक पाय ओल्या मातीवर असताना. अमेरिकेत अशा गाड्यांचं मोठं प्रस्थ आहे. तिथं ह्या प्रकाराला 'हॉट स्किन' म्हणतात, म्हणजे गाडीची कातडीच जिवंत होणं. तिथं घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट. आपल्याकडं २३०.

आमची गाडी फक्त पाझरत होती, म्हणून मुंग्यांवर निभावलं. आत एखादी वायर घासून पत्र्याला टेकली असती, तर? वायरमन टेस्ट लॅम्पची वायर गुंडाळत म्हणाला, "गुरुजी, मंग मुंग्या नसत्या आल्या."

त्याच्या ह्या वाक्यानं मला तीस वर्षांपूर्वीची एक जत्रा आठवली. ती कधी विसरलो होतो असंही नाही.

१९९४ साल. गावाचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. छोटी जत्रा, ओळीनं दुकानं, भज्याचे गाडे, पाळणा. माझा एक विद्यार्थी दहावीला नापास झाल्यावर एका भज्याच्या गाड्यावर कामाला लागला होता. एकोणीस वर्षांचा असेल. गाडा लोखंडी अँगलचा, खाली चार रबरी चाकं. वर एक बल्ब, आणि बल्बची दोन पदरी वायर अँगलच्या भोकातून ओवून घेतलेली. गाडा इकडंतिकडं सरकवून सरकवून ती वायर त्या भोकाच्या धारेवर घासली. संध्याकाळी पोरगा गाड्याखाली बादलीत प्लेटा विसळत बसला होता. खाली चिखल झालेला. उठताना त्यानं आधारासाठी अँगलला हात घातला, तो हात सुटलाच नाही. मालकानं ओढायला हात लावला तर तो फेकला गेला. कुणीतरी लाकडानं वायर तोडली, पण तोवर संपलं होतं.

पंचनामा झाला. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली. कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं वेळ आली होती. आम्ही शाळेत दोन मिनिटं उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरा गाडा लागला, तीच वायर ओढून.

मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर. पण शाळेत विज्ञानाची जागा रिकामी होती, त्या वर्षी त्याच्या वर्गाला विज्ञान मी शिकवलं होतं. विजेच्या धड्यात अर्थिंगवर एक परिच्छेद होता. तो मी वर्गात वाचला. 'तिसरी तार हिरव्या रंगाची असते, ती जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडतात, दोन मार्कांना हमखास येतं, अधोरेखित करा.' बस. ती तार का असते, ती नसली तर काय होतं, घरी जाऊन आपापल्या प्लगात ती आहे का ते बघून या, ह्यातलं मी काही बोललो नाही. मलाच कुठं ठाऊक होतं! त्या पोरानं परीक्षेत तो प्रश्न बरोबर सोडवला होता की नाही, आठवत नाही. सोडवला असता तरी काय उपयोग झाला असता?

आणि आता हे. त्या पोरासाठी मी तीस वर्षं हळहळतो आहे, आणि तीस वर्षं माझ्याच ओसरीतल्या प्लगाचं तिसरं भोक रिकामं होतं. परवा ते उघडून बघेपर्यंत मला पत्ता नाही. हळहळ आणि अक्कल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ह्या वयात कळलं.

तो भज्याचा गाडा आणि भाच्याची चाळीस लाखांची गाडी ह्यांत मला काही फरक दिसेना. दोन्ही लोखंडी, दोन्ही रबरावर उभ्या, दोन्हींना दुसऱ्याच्या खांबावरची, दुसऱ्याच्या भिंतीतली वीज उसनी घ्यायची. आणि उसनं घेताना दोघांनीही एकच प्रश्न विचारला, "प्लग आहे का?" तिसऱ्या तारेचं कुणीच विचारलं नाही.

इथं एक हिशेब मांडतो, मास्तरची खोड. पुष्कळांना वाटतं, बोर्डात फ्यूज आहे, एमसीबी आहे, काही झालं तर ती पडेल. ती पडते, पण ती वायरीचा जीव वाचवायला बसवलेली असते, आपला नव्हे. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध ढोबळमानानं एक हजार ओहम धरा. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. तुमची एमसीबी १६ अँपिअरची. तिच्या दृष्टीनं हा माणूस म्हणजे एक लहानसा बल्ब. ती कशाला पडेल? आणि माणसाला किती पुरते? एक मिलीअँपिअरला, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागाला, मुंग्या येतात. दहाच्या पुढं स्नायू आवळून हात सुटेनासा होतो. तीसच्या पुढं काही क्षण गेले तर हृदयाचा ठोका बिघडण्याची भीती.

बरं, नुसतं अर्थिंग केलं की झालं, असंही नाही. हिशेबाला सोपं जावं म्हणून जमिनीचा रोध २३ ओहम धरू. आमच्याकडं उन्हाळ्यात मुरूम वाळला की त्याहूनही वाढत असेल. फेज पत्र्याला टेकला तर जमिनीत जाणारी वीज २३० भागिले २३, म्हणजे १० अँपिअर. सोळाची एमसीबी दहाला पडत नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरी गाडी जिवंतच.

ह्यावर उपाय म्हणजे आरसीसीबी नावाची वस्तू. जुने लोक तिलाच ईएलसीबी म्हणतात. तिचं काम एखाद्या कडक वाण्यासारखं. फेजमधून गेली किती आणि न्यूट्रलमधून परत आली किती, ह्याचा ती सतत ताळा करते. ताळ्यात ३० मिलीअँपिअरची तूट आली, म्हणजे वीज कुठंतरी भलतीकडं चालली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत, २०१० च्याही आणि २०२३ साली नव्यानं आलेल्या नियमांतही, घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलीअँपिअरची मर्यादा दिलेली आहे. माझ्या घरात ती नव्हती, हे वेगळं सांगायला नको. दोघांची जोडी कशी चालते तेही वायरमननं सांगितलं. तिसरी तार असेल तर बिघाड झाल्याबरोबर आरसीसीबी पडते. तार नसेल तर ती थांबते, कुणीतरी हात लावेपर्यंत. म्हणून दोन्ही पाहिजेत. (आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लावला तर तिलाही काही कळत नाही, हेही लक्षात असू द्या. ती काही देव नव्हे.)

भाचा घाईत होता. त्याला दुपारी माहूर गाठायचं होतं. वायरमनच्या हाताखालच्या पोरानं तोडगा काढला, "न्यूट्रलमधूनच एक तुकडा तिसऱ्या भोकात मारू ना, बल्ब लागतोय की!" वायरमननं त्याला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही. पण हा तोडगा आपल्याकडं सर्रास चालतो म्हणून सांगतो. तिसऱ्या भोकाला न्यूट्रलचा तुकडा जोडायचा आणि म्हणायचं अर्थिंग झालं. आता माझ्या प्लगात फेज आणि न्यूट्रल उलटे होते. 'न्यूट्रल' समजून त्या पोरानं उजव्या भोकातला तुकडा मारला असता, तो नेमका निघाला असता न्यूट्रल, म्हणून वाचलो असतो. पण ज्या प्लगात तारा रंगाप्रमाणं जोडलेल्या नाहीत तिथं कोणता तुकडा कशाचा हे कोण सांगणार? चुकून फेज निघाला, की गाडीचा सगळा पत्रा सरळ २३० व्होल्टवर. आणि बरोबर न्यूट्रल निघाला तरी पुढं कधी खांबावर न्यूट्रल तुटला, की तोच प्रकार. असलं अर्थिंग करण्यापेक्षा पाहुण्यांना कंदील द्यावा.

माहूर दुसऱ्या दिवसावर गेलं. घराच्या मागं मीटरच्या बोर्डाखाली अर्थिंगचा जुना खड्डा निघाला, मीठ-कोळसा घातलेला, वर तुळशीच्या कुंड्या ठेवलेल्या. तो मोकळा केला, पाणी ओतलं, नवी नळी ठोकली. तिथून ओसरीपर्यंत हिरवी तार आणली. फेज-न्यूट्रल सुलटे केले. आरसीसीबी बसवली आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून ती पडते की नाही ते पाहिलं. टेस्ट लॅम्प तिसऱ्या भोकात लावल्याबरोबर आरसीसीबी फटकन पडली, तेव्हा वायरमन हसला. "आता ही जागी हाय." बल्ब लागला म्हणजे अर्थिंग पास झालं असं नसतं, ते मीटरनं मोजावं लागतं, असंही त्यानं बजावलं. चार दिवसांनी मीटर आणून त्यानं मोजलंही. सगळा खर्च मिळून आमच्या घरातल्या एका वाढदिवसाच्या केकपेक्षा जास्त आणि एका मोबाईलपेक्षा पुष्कळ कमी.

मग गाडी जोडली, पण रीतीनं. आधी गाडीतलं सगळं बंद. बोर्डाचं बटण बंद. वायरीचं वेटोळं पूर्ण उलगडलेलं, कारण गुंडाळलेल्या वायरीतून जास्त वीज गेली की ती आतल्या आत तापते. आधी गाडीकडचं टोक, मग भिंतीकडचं, सगळ्यात शेवटी बटण. दाराच्या दांडीला हाताआधी टेस्टर लावला. मग गाडीतली एकेक वस्तू चालू. इथंही हिशेब आहे. सोळा अँपिअरच्या प्लगावर २३० गुणिले १६, म्हणजे ३६८० वॅट. गिझर दोन हजारांचा, एसी दीड हजारांचा, त्यात कुणी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की बेरीज बाहेर. "एका वेळी एकच चैन," असा मी फतवा काढला. निघताना सगळं उलट्या क्रमानं. आधी वस्तू बंद, मग बटण, मग भिंतीकडचा प्लग, शेवटी गाडीकडचा.

आपल्या थ्री पिन टॉपची वरची पिन लांब का असते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. आत जाताना ती सगळ्यात आधी लागावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणून. ज्यानं ती रचना केली त्यानं रक्षणकर्ता आधी आत पाठवला. आणि आपण? भोकात बसत नाही म्हणून पक्कडीनं ती पिन मोडतो, किंवा दोन पिनांचा टॉप लावतो, किंवा नुसत्या वायरी सोलून काड्या खोचून देतो. मीही खोचल्या आहेत, शाळेत, पंधरा ऑगस्टच्या लाऊडस्पीकरला, साडेतीनशे मुलांसमोर.

आता माझ्या मूळ म्हणण्याकडं येतो.

२०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या उभ्या करायला पाणी, वीज वगैरे सोयींचे कॅराव्हॅन पार्क व्हावेत, असं त्यात आहे. चांगलं आहे. अमेरिकेत अशा मैदानात प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी एक खांब आणि त्यावर ३० नाहीतर ५० अँपिअरची पेटी असते. युरोपात निळ्या रंगाचा, गोल, झाकणाचा, तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग असतो, पाऊस आला तरी पाणी न शिरणारा. भाच्याच्या गाडीचं निळं टोक त्याच जातीचं. उद्या सहस्रकुंडाला किंवा माहूरला असं काही झालं तर मला आनंदच आहे. पण पार्क कधी होईल तेव्हा होईल. चाकांवरची घरं आमच्याकडं आजही आहेत, आणि ती कधीच मोजली जात नाहीत.

लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल ह्यांचा बाजार, तमाशाचे फड, पाळणे, शेकडो दुकानं. लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीनं गेलो तेव्हा गाडीखाली कंदील टांगलेला असायचा. त्याचाही धोका होताच, पण तो डोळ्यांना दिसायचा. आता फडाच्या ट्रकात माणसं राहतात, स्वयंपाक करतात, पोरं निजवतात. टेम्पोत दुकानं थाटलेली असतात. आइस्क्रीमचे, रसाचे, चायनीजचे गाडे, डीजेच्या गाड्या. माळेगावच असं नाही, गावोगावच्या जत्रेत हेच. ह्या प्रत्येकाला दिवा पाहिजे, आणि बहुतेकांना तो दोन पदरी वायरीनं मिळतो. मग वर पाऊस, खाली चिखल, आणि पाय अनवाणी, कारण देवाच्या दारात आपण चपला काढतो.

तंजावर जिल्ह्यात २०२२ च्या एप्रिलमधे रथोत्सवात रथ वरच्या उच्चदाबाच्या तारेला लागून ११ माणसं गेली. ते दूरचं आणि मोठं, म्हणून पेपरात आलं. भज्याच्या गाड्यावरचा एक पोरगा पेपरात येत नाही. पण आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्यानं मरतात, असं सरकारचीच नोंद सांगते. त्यातले बहुतेक असेच एकेकटे जात असणार.

माझी मागणी फार मोठी नाही. जत्रेत ग्रामपंचायत किंवा देवस्थान प्रत्येक दुकानदाराकडून जागेचे पैसे घेतं, कुठं लाईटचे वेगळे घेतं. त्या पैशांतून प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक बोर्ड असावा, त्यात आरसीसीबी, आणि त्याला जमिनीत ठोकलेल्या नळीची तिसरी तार. दुकानदाराला दोन पदरी नव्हे, तीन पदरीच वायर लावू द्यावी. तिसरा पदर गाड्याच्या अँगलला बोल्टनं आवळलेला असावा. आणि दिवेलागणीच्या आत एका लायसनवाल्या वायरमननं टेस्ट लॅम्प घेऊन ओळीनं फिरावं, ज्याचा बल्ब लागणार नाही त्याचा दिवा लागणार नाही. महावितरण गणेश मंडळांना दरवर्षी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, अर्थिंग तपासा असं आवाहन करतं. तेच जत्रेला का नको? देव दोन्हीकडं तेच आहेत.

ह्यावर उत्तर काय येतं ते मला पाठ आहे. "गुरुजी, इतकी वर्षं काही झालं नाही." झालं आहे. मी पाहिलं आहे. ज्यांच्या घरी झालं ते जत्रेला यायचे बंद झाले, म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही.

दुसरं उत्तर खर्चाचं. ते मला पटत नाही. पाळण्याच्या टोकावर हजार बल्ब लावायला पैसे असतात, जमिनीत एक नळी ठोकायला नसतात. कारण बल्ब दिसतात, नळी दिसत नाही. माझंही तेच झालं. घर बांधताना मी फरशीचा रंग तीनदा बदलला, तिसरी तार आहे का हे एकदाही विचारलं नाही.

भाचा तिसऱ्या दिवशी निघाला. जाताना त्यानं एक गोष्ट चांगली केली. गाडीवाल्या मालकाला फोन करून विचारलं, की गाडीसोबत वायर देता तसा एक टेस्टर आणि आरसीसीबीचा छोटा बोर्ड का देत नाही? पुढच्या गिऱ्हाइकाच्या मामाच्या घरीही तिसरी तार नसेल, असंही त्याला सांगितलं. मालक काय म्हणाला ते मी विचारलं नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा ही अंगणातच उभी होती, अनवाणीच. मी म्हटलं, "तू नसतीस तर आज काय झालं असतं कोण जाणे." ती म्हणाली, "मी व्हते म्हणून न्हाई. माझ्या पायात चप्पल नव्हती म्हणून."

माझ्या एका मित्राचा मुलगा आता आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतो. त्याला मी टेस्ट लॅम्प नेऊन दिला आहे. धडा वाचून झाला की मुलांना प्लगाला हात लावू न देता, वायरमनला वर्गात बोलावून, शाळेतल्या प्रत्येक प्लगाचं तिसरं भोक तपासून दाखवायचं, असं ठरलं आहे. पहिल्याच दिवशी सहा खोल्यांपैकी चारांत बल्ब लागला नाही. मुख्याध्यापकांनी लगेच काम काढलं, हे त्यांचं कौतुक.

तुम्हीही आज एवढं करा. घरातल्या ओल्या जागेजवळचा, फ्रीजचा, गिझरचा, अंगणातला प्लग एका जाणत्या वायरमनला दाखवा. आणि दारात कुणाची गाडी, गाडा, टेम्पो, मंडपाचा खांब काहीही आलं आणि त्यानं "लाईट मिळेल का?" असं विचारलं, तर हो म्हणा, पाहुण्याला नाही म्हणू नये. पण त्याच्या आधी आपल्या तिसऱ्या तारेची चौकशी करा.